वाचकांचे प्रश्न : दूरच्या डिस्कचे हेलपाटे

गेल्या अंकात डेटा सेंटरांविषयी लिहिताना एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. संगणक जिला आपली डिस्क समजतो ती पुष्कळदा त्याच्या पेटीत नसतेच. ती दुसऱ्या खोलीत किंवा दुसऱ्या इमारतीत असते आणि कर्नेलमधला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातला, एक ड्रायव्हर ती जवळ असल्याचे भासवत असतो, असे ते वाक्य होते. त्यावर पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या वाचकांनी इतके नेमके प्रश्न पाठवले, की या महिन्याचे सदर पूर्णपणे त्यांनाच दिले आहे. पत्रांचा मजकूर जागेअभावी संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत सर्व्हरवरील एक फोल्डर सर्व संगणकांवर दिसते. आपण ज्या दूरच्या ‘ब्लॉक डिस्क’चा उल्लेख केला ती याहून वेगळी कशी? आणि तिच्यासाठी थेट कर्नेलमध्ये ड्रायव्हर कशाला हवा?
– अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आपल्या प्रयोगशाळेतील फोल्डर बहुधा एनएफएस किंवा सांबा या फाइली वाटून देणाऱ्या पद्धतींमार्फत येत असावे. तेथे फाइल कोणती, तिचे नाव काय, ती कोणाला उघडू द्यायची, हे सारे सर्व्हर ठरवतो. ब्लॉक डिस्क देणाऱ्या सर्व्हरला मात्र फाइल ही गोष्टच ठाऊक नसते. त्याच्याकडे येणारी मागणी एवढीच असते, की अमुक क्रमांकापासूनचे आठ सेक्टर वाचून पाठवा, किंवा ही चार किलोबाइट माहिती तमुक क्रमांकावर लिहून ठेवा. त्या क्रमांकांतून फाइली आणि फोल्डर उभे करणारी फाइल सिस्टिम आपल्याच संगणकावर चालते. त्यामुळे अशा डिस्कवर डेटाबेस ठेवता येतो, व्हर्च्युअल मशीन उभे करता येते, इतकेच काय, संगणक तिच्यावरून सुरूही करता येतो.

फाइल सिस्टिम कर्नेलमध्ये राहते आणि ती आपल्या मागण्या कर्नेलमधल्याच ब्लॉक थराकडे सोपवते. तेथून प्रत्येक मागणी बाहेरच्या एखाद्या प्रोग्रॅमकडे द्यायची, त्याने ती पुन्हा कर्नेलमार्फतच नेटवर्कवर पाठवायची आणि उत्तरही त्याच वळणाने आणायचे, असे केले तर प्रत्येक मागणीमागे उंबरठा ओलांडण्याचा खर्च वाढत जातो. पावेल माखेक यांनी १९९७मध्ये लिनक्ससाठी लिहिलेला एनबीडी हा ड्रायव्हर या विचाराचा जुना आणि साधा नमुना आहे. त्याची डिस्क वापरणारी बाजू कर्नेलमध्ये असते, तर डिस्क देणारी बाजू साधा प्रोग्रॅम म्हणून चालते. कर्नेलला पूर्ण वळसा घालणारा एसपीडीकेसारखा मार्गही आहे, परंतु त्यात प्रोसेसरचा निदान एक कोअर डिस्ककडे टक लावून बसतो आणि वापरणारा प्रोग्रॅमही त्या पद्धतीने लिहिलेला असावा लागतो. जुने, तयार प्रोग्रॅम एका अक्षराचाही बदल न करता चालवायचे असतील तर कर्नेलमधला ड्रायव्हरच हवा.

प्रश्न : मी सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे. एनव्हीएमई डिस्क शंभरेक मायक्रोसेकंदांत उत्तर देते. तीच डिस्क नेटवर्कपलीकडे ठेवली की वेळ वाढतो, हे समजते. पण तो नेमका जातो कुठे? आणि ‘वेगवान’ ड्रायव्हर त्यातला कोणता भाग कमी करतो?
– वाचक, पर्वरी

उत्तर : हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

चार किलोबाइटच्या एका वाचनाचा प्रवास पाहू. प्रोग्रॅमने मागितलेला तुकडा मेमरीत नसेल तर फाइल सिस्टिम त्याचा ब्लॉक क्रमांक काढते आणि मागणी ब्लॉक थराकडे देते. तेथे ती त्या कोअरच्या रांगेत लागते. एनव्हीएमई ओव्हर टीसीपी (वेगवान एसएसडींशी बोलण्याची एनव्हीएमई ही पद्धत टीसीपी या नेटवर्कच्या नेहमीच्या जोडणीवरून वापरणारा) हा ड्रायव्हर असेल तर तो या मागणीची ६४ बाइटची आज्ञा बनवतो, तिच्यापुढे ८ बाइटचे शीर्षक जोडतो आणि ही ७२ बाइट टीसीपी जोडणीत सोडतो. पलीकडच्या सर्व्हरचे नेटवर्क कार्ड प्रोसेसरला जागे करते, तेथील टार्गेट, म्हणजे डिस्क देणाऱ्या बाजूचा, ड्रायव्हर आज्ञा उलगडतो, खऱ्या डिस्कला विचारतो आणि आलेली माहिती परत पाठवतो. आपल्या बाजूला पुन्हा कार्ड प्रोसेसरला जागे करते, टीसीपीच्या बफरमध्ये आलेली माहिती तिच्या खऱ्या जागी, म्हणजे ज्या पानासाठी ती मागितली होती तेथे, उतरवून घेतली जाते आणि मग कुठे वाट पाहणाऱ्या प्रोग्रॅमला जाग येते.

यात तारेवरचा वेळ अगदी सरळ गणिताने काढता येतो. चार किलोबाइट माहिती एक गिगाबिटच्या तारेवर चढायला सुमारे ३३ मायक्रोसेकंद लागतात आणि दहा गिगाबिटच्या तारेवर साडेतीनपेक्षाही कमी. उरलेला वेळ डिस्कचा स्वतःचा आणि दोन्ही बाजूंच्या कर्नेलांचा. कर्नेलचा वेळ तीन कारणांनी वाढतो. माहिती मेमरीतल्या मेमरीत पुन्हा पुन्हा नकलावी लागते, अनेक कोअर एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या एकाच कुलपासाठी खोळंबतात, आणि एका मागणीसाठी सर्व्हरकडे एकापेक्षा जास्त हेलपाटे घालावे लागतात.

कुलपाची गोष्ट लिनक्समध्ये बऱ्याच अंशी मार्गी लागली आहे. पूर्वी प्रत्येक डिस्कमागे एकच रांग आणि तिला एकच कुलूप असे. फिरत्या डिस्कला एका मागणीसाठी काही मिलिसेकंद लागत, तोवर त्या कुलपाचे कोणाला काही वाटले नाही. एसएसडी आल्या आणि तेच कुलूप सर्वांत मोठा अडथळा ठरले. जानेवारी २०१४मध्ये आलेल्या ३.१३ या आवृत्तीत प्रत्येक कोअरला स्वतंत्र रांग देणारा बहुरांगी ब्लॉक थर आला आणि मार्च २०१९मधल्या ५.० आवृत्तीत जुनी एकरांगी वाट काढूनच टाकली. एनव्हीएमईचा टीसीपी ड्रायव्हर याच ५.० आवृत्तीत दाखल झाला आणि त्याची रचना या नव्या थराशी तंतोतंत जुळणारी आहे. प्रत्येक रांगेला तो स्वतंत्र टीसीपी जोडणी देतो, त्यामुळे एका कोअरवरची मागणी दुसऱ्या कोअरच्या वाटेत येत नाही. साटा डिस्कच्या जुन्या एएचसीआय पद्धतीत एक रांग आणि तिच्यात ३२ आज्ञा एवढीच सोय होती. एनव्हीएमईच्या मानकात ६५,५३५ रांगांना वाव आहे. इतक्या रांगा प्रत्यक्षात कोणी वापरत नाही, पण जितके कोअर तितक्या रांगा निर्धास्तपणे देता येतात, हा त्याचा खरा लाभ.

नकला कमी करण्यासाठी आरडीएमए हे तंत्र आहे. त्यात एका यंत्राचे नेटवर्क कार्ड दुसऱ्या यंत्राच्या आधी नोंदवलेल्या मेमरीत थेट लिहिते किंवा तेथून वाचते. प्रोसेसरला माहिती इकडून तिकडे उचलून ठेवावी लागत नाही. टीसीपीच्या वाटेने पाठवताना नक्कल टाळता येते, पण स्वीकारताना एक नक्कल सहसा करावीच लागते. आरडीएमएच्या वाटेने तीही वाचते. त्यासाठी कार्डे त्या जातीची हवीत आणि रोसी (इथरनेटवरून आरडीएमए) पद्धत वापरायची तर मधले स्विचही नीट बसवलेले हवेत.

आता हेलपाट्यांकडे येतो, कारण माझ्या मते ड्रायव्हरची खरी पारख येथे होते. वाचनाला एक हेलपाटा पुरतो. आज्ञा गेली, माहिती आली. लिहिण्याचे तसे नाही. टीसीपीच्या पद्धतीत लिहायची माहिती लहान असेल तर ती आज्ञेबरोबरच जाते. ती मोठी असेल तर आज्ञा आधी जाते, सर्व्हर जागा तयार ठेवून ‘आता पाठवा’ असे कळवतो आणि मग माहिती जाते. म्हणजे एकाऐवजी दोन हेलपाटे. एनव्हीएमईच्या आरडीएमए पद्धतीतही मोठी माहिती सर्व्हरला आज्ञा मिळाल्यावर आपल्या मेमरीतून ओढून घ्यावी लागते. ऑगस्ट २०२०मध्ये ५.८ आवृत्तीत आलेल्या आरएनबीडी या ड्रायव्हरने येथे वेगळा विचार केला. जोडणी होतानाच सर्व्हर मेमरीचे तुकडे राखून ठेवतो आणि त्यांचे पत्ते क्लायंटला, म्हणजे डिस्क वापरणाऱ्या यंत्राला, देऊन टाकतो. नंतर क्लायंट मोकळा तुकडा स्वतःच निवडतो, माहिती थेट त्यात लिहितो आणि कोणत्या तुकड्यात लिहिले तो क्रमांकही त्याच संदेशात कळवतो. परवानगी मागायचा हेलपाटाच उरत नाही. याची किंमत अशी, की प्रत्येक क्लायंटमागे सर्व्हरची मेमरी अडकून पडते, मग तो क्लायंट काम करत असो वा नसो. ज्यांच्याकडे आरडीएमएचे जाळे आधीपासून आहे आणि डिस्क देणारी व घेणारी अशा दोन्ही बाजू ज्यांच्या ताब्यात आहेत, त्यांच्यासाठी हा सौदा चांगला आहे. इतरांनी मानकाच्या मागे जावे, म्हणजे एनव्हीएमई घ्यावे.

प्रश्न : आमचे मुख्य कार्यालय पणजीला आणि दुसरे मडगावला आहे, मध्ये फायबर आहे. पणजीच्या साठ्यावरची डिस्क मडगावच्या सर्व्हरला जोडून तेथे डेटाबेस चालवण्याचा प्रस्ताव एका पुरवठादाराने दिला आहे. सेकंदाला लाखो मागण्या पुऱ्या होतील असे त्याचे म्हणणे आहे. ते शक्य आहे का?
– व्यवस्थापक, मडगाव

उत्तर : आकडा खोटा असेलच असे नाही, पण आपल्या कामाला तो लागू पडेल असेही नाही. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला पाच मायक्रोसेकंद. आपली फायबर ३५ किलोमीटरची धरली तर जायला १७५ आणि जाऊन यायला ३५० मायक्रोसेकंद केवळ प्रकाशालाच लागतात. डिस्कचे शंभर मिळवले की साडेचारशे झाले; स्विच आणि कर्नेल यांचा वेळ अजून धरलेलाच नाही. डेटाबेस जेव्हा एक मागणी पुरी झाल्याशिवाय दुसरी करत नाही, तेव्हा सेकंदाला जेमतेम बावीसशे मागण्या होतात आणि चार किलोबाइटच्या हिशेबाने ते नऊ मेगाबाइट भरतात. एकाच वेळी ३२ मागण्या वाटेत ठेवल्या तर तीच संख्या सत्तर हजारांवर जाते. पुरवठादाराचा आकडा अशा शेकडो मागण्या एकदम सोडून काढलेला असतो.

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटी वाढवल्या तर तासाला जास्त गाड्या पलीकडे जातात, पण बोटीत चढलेल्या एका गाडीला मांडवी ओलांडायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. डेटाबेसमधला व्यवहार पक्का करताना लॉगची नोंद डिस्कवर गेल्याची पोच येईपर्यंत थांबावेच लागते. तेथे कामाला येतो तो या एका गाडीचा वेळ. वर म्हटलेला जास्तीचा हेलपाटा पडला तर तेथेच आणखी साडेतीनशे मायक्रोसेकंद गेले. एका खोलीत दोन यंत्रे शेजारी असताना जो फरक कोणाच्या लक्षातही येत नाही, तो मडगावपर्यंत ताणला की दिसू लागतो. पुण्यापर्यंतची फायबर ४५० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन साडेचार मिलिसेकंद होतात, आणि मग महागडी एसएसडी आपल्याला फिरत्या डिस्कसारखी वाटू लागते. कोणताही ड्रायव्हर हे अंतर कमी करत नाही.

माझा सल्ला असा, की डेटाबेस आणि त्याची डिस्क एकाच इमारतीत ठेवावी आणि दुसऱ्या कार्यालयात डेटाबेसच्या स्वतःच्या पद्धतीने प्रत ठेवावी. पुरवठादाराकडून एकच आकडा मागून घ्यावा : वाटेत एकच मागणी ठेवून चार किलोबाइटचे पक्के लेखन आपल्याच तारेवर किती मायक्रोसेकंदांत होते. हे मोजायला फायो हे मुक्त साधन पुरेसे आहे.

प्रश्न : आम्ही नाटके आणि भजनी मंडळांचे कार्यक्रम चित्रित करून संपादित करतो. साठ्याचा सर्व्हर आयस्कझीने (नेटवर्कवरून ब्लॉक डिस्क देण्याच्या पद्धतीने) जोडला आहे. त्यात चार फिरत्या डिस्क आहेत, तार एक गिगाबिटची. एनव्हीएमई ओव्हर टीसीपीवर गेलो तर वेग वाढेल का? शिवाय तीच डिस्क दोन संगणकांना एकदम जोडावी असे मनात आहे.
– स्टुडिओचालक, म्हापसा

उत्तर : ड्रायव्हर बदलून आपल्याला जवळजवळ काहीच मिळणार नाही. एक गिगाबिटची तार सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा जास्त नेऊच शकत नाही आणि एका फाइलीचे सलग वाचन करताना आपल्या चार डिस्क मिळून ती तार आताच भरून टाकत असणार. आधी दहा गिगाबिटची कार्डे आणि तसा स्विच घ्या. ते झाल्यावरही अडले तर डिस्ककडे पाहा आणि प्रोटोकॉलचा विचार सर्वांत शेवटी करा. आयस्कझीचे मानक २००४चे आहे, म्हणून ते टाकाऊ झालेले नाही.

दुसऱ्या बेताविषयी मात्र कळकळीने सांगतो : तो अमलात आणू नका. एनटीएफएस किंवा एक्स्ट-फोर यांसारखी फाइल सिस्टिम डिस्क आपल्या एकटीची आहे असे धरून चालते. मोकळे ब्लॉक कोणते याची यादी ती मेमरीत ठेवते आणि दुसऱ्या संगणकाने त्यातलाच एखादा ब्लॉक वापरला हे तिला कळायला मार्गच नसतो. सुरुवातीचे काही तास सारे सुरळीत दिसते आणि मग एका नाटकाच्या फाइलीत दुसऱ्याच नाटकाचे तुकडे निघतात. जीएफएस-टू किंवा ओसीएफएस-टू यांसारख्या सामायिक फाइल सिस्टिम याच कामासाठी आहेत, पण दोन संगणकांच्या स्टुडिओला तो व्याप परवडणारा नाही. आपल्याला ब्लॉक डिस्क नको, फाइल सर्व्हर हवा.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत हिशेबाचा सर्व्हर आणि साठ्याचा सर्व्हर वेगळे आहेत, दोन्ही लिनक्सवर, मध्ये एनव्हीएमई ओव्हर टीसीपी. जूनच्या पहिल्या पावसात माडाची झावळी तारांवर पडून वीज गेली. दोन्ही सर्व्हर यूपीएसवर चालू होते, तरी हिशेबाचा प्रोग्रॅम गोठला आणि तो बंद करण्याची आज्ञाही मानेना. दहाएक मिनिटांनी डिस्क ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी झाली. पुढे एकदा साठ्याच्या सर्व्हरचीच वीज गेली, तेव्हा ‘जतन झाले’ असा संदेश आलेल्या काही नोंदी सापडल्या नाहीत. चूक कोणाची?
– कर्मचारी, डिचोली

उत्तर : या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीचे निदान आपल्या पत्रातच आहे. दोन्ही सर्व्हर यूपीएसवर होते, पण त्यांच्यामधला स्विच बहुधा नव्हता. कपाटाच्या वर किंवा दारामागे ठेवलेला तो लहान डबा भिंतीतल्या साध्या प्लगवर असतो आणि यूपीएसची यादी करताना कोणाच्या ध्यानात येत नाही. तो बंद पडताच दोन्ही यंत्रे जिवंत राहून एकमेकांना दिसेनाशी होतात.

यापुढे ड्रायव्हर काय करतो ते समजून घेण्यासारखे आहे. लिनक्सचा एनव्हीएमई ड्रायव्हर साधारण पाच सेकंदांच्या मुदतीने ‘आहात ना’ अशी विचारपूस करत असतो. उत्तर आले नाही की तो जोडणी मोडीत काढतो, अपुऱ्या मागण्या बाजूला ठेवतो आणि दर दहा सेकंदांनी पुन्हा जोडणीचा प्रयत्न करतो. हे सारे मूळ सेटिंगप्रमाणे ६०० सेकंद चालते, आपल्याला दिसलेली दहा मिनिटे ती हीच. तेवढ्यात वीज आली असती तर अडकलेल्या मागण्या पुऱ्या होऊन प्रोग्रॅम जणू काही घडलेच नाही असा पुढे चालू लागला असता. मुदत संपल्यावर ड्रायव्हरने हार मानली, फाइल सिस्टिमला चूक कळवली आणि तिने आपली नोंदवही अर्धवट राहिली हे ओळखून पुढचे लिहिणे थांबवले. हे तिने बरोबरच केले.

मधल्या काळात प्रोग्रॅम बंद का करता येत नाही, असे आपल्याप्रमाणेच अनेकांना वाटते. कर्नेलच्या दृष्टीने त्या क्षणी मागणीचे भवितव्य अज्ञात असते. ती पोचलीच नाही, की पोचून पुरी झाली आणि केवळ पोच हरवली, हे या बाजूला बसून सांगता येत नाही. फाइल सिस्टिमची पुढची प्रत्येक पायरी त्या उत्तरावर अवलंबून असते, म्हणून कर्नेल त्या प्रक्रियेला मध्येच उठू देत नाही. आणखी एक धोका आहे आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना त्याचा सर्वाधिक धाक असतो. मागणी एका वाटेवर अडकली म्हणून ती दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवली, ती पुरी झाली, मग त्याच जागी नवी माहितीही लिहिली गेली, आणि तेवढ्यात पहिल्या वाटेवर अडकलेली जुनी मागणी उशिराने सर्व्हरला पोचली, तर नव्या माहितीवर जुनी माहिती बसते. म्हणून मागणी पुन्हा पाठवण्यापूर्वी जुनी जोडणी दोन्ही बाजूंनी खरोखर संपली आहे याची तजवीज करावी लागते. वेगाच्या जाहिरातींत याचा उल्लेख नसतो, पण मी एखाद्या ड्रायव्हरवर विश्वास ठेवायचा की नाही हे याच ठिकाणी ठरवतो.

आपण स्विच यूपीएसवर घ्या. एकच वाट असेल तर ६०० सेकंदांची मुदत जनरेटर सुरू होण्याच्या वेळेपेक्षा पुरेशी मोठी ठेवा. दोन स्विच आणि दोन वाटा केल्यात तर मात्र एका वाटेवरची वाट पाहण्याची मुदत कमी करा, म्हणजे मागण्या लवकर दुसरीकडे वळतील; एनव्हीएमईची ही बहुमार्गी सोय ४.१५ आवृत्तीपासून कर्नेलमध्येच आहे.

दुसरी घटना अधिक गंभीर आहे, कारण तिच्यात लोकांच्या पैशांच्या नोंदी गेल्या. डिस्क किंवा सर्व्हर ‘लिहिले’ असे सांगतो तेव्हा माहिती पुष्कळदा फक्त वीज असेपर्यंत टिकणाऱ्या मेमरीत असते. ती पक्क्या जागी उतरवायची असेल तर ‘फ्लश’ नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते, किंवा लेखनाच्या आज्ञेवरच ‘पक्के झाल्याशिवाय पोच देऊ नका’ अशी खूण करावी लागते. डेटाबेस ते करतो, फाइल सिस्टिम ते पुढे देते, ड्रायव्हर ते तारेवरून पलीकडे नेतो. या साखळीतल्या एखाद्या कडीने, बहुतेक वेळा साठ्याच्या सर्व्हरवर कोणीतरी वेग वाढावा म्हणून बदललेल्या सेटिंगने, ती आज्ञा न पाळताच ‘झाले’ असे उत्तर दिले, तर वर बसलेल्या कोणालाही ते कळत नाही. साठ्यावर ब्लॉक डिस्कऐवजी एखादी फाइल डिस्क म्हणून दिली असेल आणि तिला सर्व्हरच्या मेमरीतून लिहिण्याची मुभा असेल, तर ती पहिली तपासा. त्यानंतर डिस्कच्या आतल्या मेमरीला वीज गेल्यावर पुरणारे कपॅसिटर आहेत का ते पाहा. कार्यालयासाठी बनवलेल्या एसएसडींमध्ये ते असतात, घरगुती एसएसडींमध्ये सहसा नसतात. फ्लश पाळायला लावल्यावर वेग कमी झालेला दिसेल. तोच आपल्या यंत्रणेचा खरा वेग आहे आणि पतसंस्थेने त्याच्यावरच चालावे.

प्रश्न : डिस्क नसलेल्या संगणकांना स्वॅपसाठी दूरची डिस्क देता येईल का?
– वाचक, वास्को

उत्तर : येते, पण जपून. स्वॅप म्हणजे मेमरीतला मजकूर तात्पुरता ठेवण्याची डिस्कवरची जागा. तिची गरज मेमरी संपत आली की लागते आणि नेमके तेव्हाच नेटवर्कवर पाकीट पाठवायलाही मेमरी लागते. मेमरी मोकळी करायला मेमरी हवी, अशी कोंडी होऊन यंत्र ठप्प होते. २०१२च्या ३.६ आवृत्तीत अशा वेळी वापरायचा राखीव साठा कर्नेलमध्ये आला आणि एनबीडीवरचा स्वॅप शक्य झाला. याच कारणाने एकाच यंत्रावर एनबीडीचा सर्व्हर आणि क्लायंट दोन्ही चालवून त्यावर भरपूर लिहू नये. शक्य असेल तर संगणकात मेमरी वाढवणे अधिक शहाणपणाचे.

प्रश्न : कार्यालयाच्या नेहमीच्या नेटवर्कवरूनच दूरची डिस्क जोडली तर सुरक्षित आहे का?
– वाचक, पणजी

उत्तर : नाही. टीसीपीवरून जाणारी माहिती मूळ स्वरूपात उघडी असते आणि क्लायंट आपले नाव सांगतो तेव्हा ते नाव दुसरा कोणीही सांगू शकतो. साठ्यासाठी स्वतंत्र व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळे पाडलेले नेटवर्क) किंवा स्वतंत्र स्विच ही पहिली पायरी आहे. एनव्हीएमईसाठी ओळख पटवण्याची सोय लिनक्सच्या ६.० आवृत्तीपासून आणि टीएलएसने माहिती झाकण्याची सोय ६.७पासून आहे, आयस्कझी वापरत असाल तर निदान चॅप (गुप्त शब्दाने ओळख पटवण्याची पद्धत) चालू करा.

प्रश्न : मला असा ड्रायव्हर आतून समजून घ्यायचा आहे. महागडी कार्डे आणि सर्व्हर नसताना हे घरी करता येईल का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, काणकोण

उत्तर : एका साध्या लॅपटॉपवर नक्की करता येईल. त्यावर दोन व्हर्च्युअल मशीन करा. एकात नल-ब्लॉक हा ड्रायव्हर चालू करा. तो डिस्क असल्याचे दाखवतो, पण मागणी येताच काहीही न साठवता ‘झाले’ म्हणतो. त्यामुळे डिस्कचा वेळ जवळपास शून्य होतो आणि मोजलेला सारा वेळ ड्रायव्हर व नेटवर्क यांचाच उरतो. हीच डिस्क एनव्हीएमईच्या टार्गेट ड्रायव्हरने बाहेर द्या आणि दुसऱ्या मशीनमधून ४४२० या पोर्टवर जोडा. मग दोन्ही बाजूंना नेटएम हे नेटवर्कवर कृत्रिम विलंब घालणारे लिनक्सचे साधन वापरून १७५ मायक्रोसेकंदांचा विलंब घाला, म्हणजे पणजी-मडगावची तार घरीच तयार होईल. वाटेत एक, आठ आणि ३२ मागण्या ठेवून फायोचे आकडे काढा, आणि लेखनाचा आकार चार किलोबाइटवरून हळूहळू वाढवत न्या. कोणत्या आकाराला दुसरा हेलपाटा सुरू होतो, ते आकड्यांत स्वच्छ दिसेल.

कोड वाचताना सुरुवात एनबीडीपासून करावी. तो सारा एकाच फाइलीत आहे आणि मागणी घेणे, पाठवणे, उत्तर जुळवणे हा क्रम त्यात सलग वाचता येतो. नंतर एनव्हीएमईच्या होस्ट विभागातली टीसीपीची फाइल घ्यावी. तिच्यात माहिती पाठवणारा भाग लगेच समजेल; मुदत टळल्यावर मागणीचे काय करायचे ते ठरवणारे फंक्शन मात्र सावकाश वाचा, आणि ते वाचत असताना शेजारच्या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क मुद्दाम तोडून कर्नेलच्या नोंदींत कोणत्या ओळी कोणत्या क्रमाने उमटतात ते पाहत जा.